देवरावाची एकच हाक

देवराव मेश्राम जन्मात कोणाला दुसऱ्यांदा हाक मारायचा नाही. पहिलीच जिवावर येऊन मारायचा. टपरीसमोर उभा राहून "एक चहा" एवढं म्हणायचा, आणि टपरीवाल्याला ऐकू गेलं नाही तर चहा न पिता घरी यायचा. त्याची बायको प्रेमिला अगदी उलट. तिला हाक मारायला निमित्तही लागत नसे. समोरच्या ओट्यावरच्या बाईला ती हाक मारायची, आणि त्या बाईनं "काय वं?" म्हटलं की "काही नाही, आहेस का ते पाह्यलं" म्हणून मोकळी.

हे लग्न ज्यांनी जमवलं त्यांनी मुलाचा स्वभाव गरीब पाहिला, मुलीचा हात चलाख पाहिला, दोन्हीकडच्या पाहुण्यांचा पाहुणचार पाहिला. कोणाला किती माणसं लागतात, हे मात्र विचारलं नाही. ते कोणीच विचारत नाही. पोटाला किती भाकरी लागतात ते पहिल्या पंगतीलाच कळतं. जिवाला किती माणसं लागतात ते कळायला वर्षं जातात, आणि या दोघांच्या बाबतीत ते कळता कळता देवरावाचा जीवच जायची वेळ आली होती.

प्रेमिला नागपूरच्या इंदोऱ्याची. तिथल्या गल्लीत तिची आई बायजाबाई आणि शेजारच्या बाया सकाळचा स्वयंपाक उरकून मांडीवर सूप घेऊन बिड्या बांधायला बसत. हात तेंदूपत्त्यावर आणि तोंड साऱ्या वस्तीवर. कोणाची सून माहेराहून का येत नाही, कोणाचा नवरा मिल सुटल्यावर सरळ घरी का येत नाही, या खटल्यांचा निकाल दिवेलागणीपर्यंत लागायचाच. प्रेमिला त्या ओट्यावर वाढली. छप्पन साली तिच्या बापानं दीक्षा घेतली, घरातले देव गाठोड्यात बांधले आणि नदीत नेऊन सोडले. देव गेले. भुतांना मात्र कोणी गाठोड्यात बांधलं नव्हतं. ती भुतं बायजाबाईच्या गोष्टींमध्ये सुखानं राहत होती. बाप चिडायचा, आपल्यात आता हे चालत नाही म्हणायचा. बायजाबाई मान डोलवायची, आणि तो सायकल काढून चौकात गेला की गोष्ट जिथं तुटली होती तिथून जोडून घ्यायची.

त्या गोष्टींतला एक नियम प्रेमिलेच्या अंगात भिनला होता. भर दुपारी, उजाड जागी कोणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल, तिसऱ्यांदाही मारेल. 'त्या'ला दुसऱ्यांदा मारता येत नाही. पहिल्या हाकेला ओ दिली की संपलं. गल्लीत या नियमाचा काही त्रास नव्हता, कारण इंदोऱ्यात पाचाच्या खाली हाका कोणी मारतच नसे.

लग्नानंतर दोन वर्षं देवराव त्याच गल्लीत राहिला. खोटं कशाला बोला, त्याचे हाल झाले. दार उघडं असलं की कोणी ना कोणी आत यायचं, आणि दार लावलं की काहून लावलं ते विचारायला यायचं. उन्हाळ्यात सारी वस्ती बाजा बाहेर काढून झोपायची, गप्पा रंगायच्या. देवराव आत, भट्टीसारख्या खोलीत, ओला पंचा अंगावर घेऊन पडायचा. बाया प्रेमिलेला चिडवत, तुझा नवरा का पापडासारखा वाळून राहिला वं? तो खरंच वाळत चालला होता. म्हणून कन्हानच्या पुढं, पारशिवनीच्या वाटेवर, एका खाणीला नदीचं पाणी चढवून देणाऱ्या पंपघरावर चौकीदाराची जागा निघाली, तेव्हा त्यानं कोणाला न विचारता ती धरली. बायकोला सांगितलं ते एवढंच, "अवं, सामान बांध."

"अवं" एवढ्यावरच त्याचा संसार चालला होता. बायकोचं नाव त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं, खुद्द बायकोनंसुद्धा.

नदीकाठच्या दरडीवर एका खोलीचं क्वार्टर. तिथून हाकेच्या अंतरावर पंपघर, आणि पंपघराच्या पायथ्याशी मोठी गोल विहीर. नदीचं पाणी त्या विहिरीत यायचं आणि पाइपातून वर चढायचं. मागं पळसाचं रान, समोर रेती. बस्स. पहिल्या दिवशी प्रेमिलेनं दारात उभं राहून चहूकडं पाहिलं आणि विचारलं, "अन् मानसं?" देवरावानं नदीपात्रातल्या रेतीकडं बोट दाखवलं. उन्हाळ्यात डांगरवाडीवाले येतात, म्हणजे रेतीत टरबूज-खरबूज लावणारे ढिवर. बाकीचं वर्षभर कोणी नाही. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं, ते तिनं लग्नातही पाहिलं नव्हतं.

तो तिथं फुलला. अंगानं भरला. पाण्यावर झेप घेणारा खंड्या पाहून एकटाच हसायचा. प्रेमिलेला त्याचा राग धड येतही नव्हता. वाळलेल्या झाडाला पालवी फुटली म्हणून कोणी झाडावर रागावतं का? पण ती स्वतः सुकत गेली. आधी ती भांड्यांशी बोलली. मग मोटारीशी. पंपाची मोटार दिवसभर घुरघुर करायची, ती तिला एखाद्या म्हाताऱ्या सासूसारखी वाटायची. कुरकुर तर कुरकुर, पण घरात कोणी आहे. वीज गेली की मोटार थांबायची आणि कानात बोळा कोंबावा तशी शांतता यायची. मग तिला वाटायचं, मागच्या रानात कोणी तरी आपल्यासारखंच कान देऊन बसलं आहे. ती ताट आपटायची, खोकायची. स्वतःच्या खोकल्याला रानातून उत्तर येईल की काय, याचीही धास्ती वाटायची. एकदा तिनं नवऱ्याला म्हटलं, अजी, काही तरी बोला नं. तो विचारात पडला आणि म्हणाला, "बोललो की सकाळी."

डांगरवाडीवाले आले आणि तिचा जीव भांड्यात पडला. लहानू ढिवर, त्याची बायको रुखमाबाई आणि त्यांची चार-दोन माणसं. रेतीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. प्रेमिला सकाळी कामं आटपून खाली उतरायची आणि ऊन चढेपर्यंत रुखमाबाईशेजारी बसायची. रुखमाबाईनं तिला भरपूर खरबुजं दिली आणि त्याहून भरपूर भीती दिली. आधीच्या चौकीदाराच्या बायकोला म्हणे भर दुपारी नावानं हाक आली. बिचारीनं ओ दिली. विहिरीच्या काठावर बांगड्या सापडल्या, बाई काही सापडली नाही. "नदी एकदाच हाक मारते वं," रुखमाबाई म्हणायची, "मानूस तीनदा मारते. म्हनून आमी दुपारी कोनाच्या एका हाकेले झोपडीतून भायेर नाही येत." चौकीदाराची ती बायको पुढं रामटेकला खुशाल नांदताना लोकांनी पाहिली, असंही पुढं कानावर आलं. पण रुखमाबाईची गोष्ट बांगड्यांशीच थांबायची, आणि सांगून झाल्यावर ती खरबुजाची फोड अशी काही चवीनं खायची की विचारू नका. प्रेमिला रोज भिऊन घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला यायची. माणसाच्या तोंडून ऐकलेली भीती तिला रिकाम्या दुपारपेक्षा बरी वाटायची. पण दुपार झाली की ती भीती एकटीनंच सोसायची असायची.

शेवटी तिनं मनाशी ठरवलं. वेल सुकले की डांगरवाडीवाले सामान बैलबंडीत भरतील, तेव्हा आपणही त्या बंडीत बसायचं आणि इंदोऱ्याला जायचं. परत यायचं नाही. दोन लुगडी आणि एक चादर तिनं गाठोड्यात बांधून लोखंडी पेटीच्या तळाशी ठेवली. रुखमाबाईशिवाय कोणाला सांगितलं नाही.

वैशाख संपत आला होता. त्या दिवशी देवराव जेवून पंपघरात गेला आणि प्रेमिला शेवया करायला बसली. शेवया म्हणजे चार बायांचं काम. एक मळते, एक वळते, एक वाळत घालते आणि चौथी तिघींना हसवते. प्रेमिला चारही कामं एकटी करत होती. चौथं जमत नव्हतं. बाहेर ऊन असं पांढरं पडलं होतं की अंगणाकडं पाहवत नव्हतं. पळसाचं एक वाळलं पान जमिनीवर खरडत गेलं, थांबलं, पुन्हा खरडलं.

मोटार थांबली.

वीज गेली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण वर पाहिलं तर खोलीतला पंखा फिरत होता. म्हणजे वीज होती. मग मोटार कोणी थांबवली? रोज या वेळी हूं-हूं करणारा होला पक्षीही गप्प होता. तिचे हात पिठात तसेच राहिले.

तेवढ्यात हाक आली.

"प्रेमिला."

मोठी नव्हती. घागरीत तोंड घालून कोणी बोलावं, तशी खोल आणि गोल. विहिरीच्या बाजूनं आली. बाईचा आवाज की पुरुषाचा, तेही सांगता येईना. नवरा? तिचा नवरा तिला नावानं हाक मारत नव्हता, तीन वर्षांत एकदाही नाही. रुखमाबाई? ती तर या वेळी झोपडीबाहेर पाऊल टाकत नाही. ओ द्यायला तोंड उघडलंच होतं, ते तिनं पिठाच्या हातानंच दाबून धरलं.

दुसरी हाक येऊ दे, ती मनात म्हणाली. एक तरी येऊ दे.

आली नाही.

ती चवड्यांवर उठली, दारापाशी गेली आणि आतून कडी लावली. हलक्या हातानं लावायला गेली, पण लोखंडच ते, खण्णकन वाजलं. त्या आवाजानं ती स्वतःच दचकली. बाहेर जे कोणी होतं त्याला आता कळलं होतं की ती घरात आहे आणि तिनं ऐकलं आहे. फटीला डोळा लावून पाहिलं. अंगण रिकामं. रिकामं अंगण इतकं भीतिदायक असतं, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. अंगणात काही उभं असतं तर निदान त्याच्याकडं पाहता तरी आलं असतं.

ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली आणि बापानं शिकवलेलं त्रिसरण पुटपुटू लागली. बुद्धं सरणं गच्छामि. दाताला दात लागत होते. दुतियंपि, म्हणजे दुसऱ्यांदाही. ततियंपि, तिसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा म्हणताना ती अडखळली. इथंही तीनदा. म्हणजे चांगलं ते सारं तीनदाच असतं. एकदाच म्हणून गप्प बसणारं असतं तरी कोण?

आणि तिला लग्नाचा मांडव आठवला. साऱ्यांनी त्रिसरण तीनदा म्हटलं होतं. नवरदेवानं एकदाच म्हटलं, पुढं नुसते ओठ हलवले. तिच्या मैत्रिणी पदरात तोंड खुपसून हसल्या होत्या, नवरदेवाचा आवाज सरला वं म्हणून.

तिनं दाराकडं पाहिलं. एकदा हाक मारून थांबणारे या जगात दोघंच होते, एक 'ते' आणि एक तिचा नवरा. पण नाव? तो तर नाव घेत नाही. विचार पुढं गेला आणि तिथंच अडकला. उठावं तर पाय उठेनात. बसावं तर छातीतला ठोका कानात वाजू लागला, आणि त्या साऱ्या दुपारी दुसरा आवाजच नव्हता. तिला वाटलं, आता असंच बसून राहिलं तर हा ठोकाही थांबेल, आणि तो थांबला हे कळायलाही कोणी नसेल.

मग तिच्या मनात जे आलं ते फक्त तिच्याच मनात येऊ शकतं. भूत तर भूत. निदान नाव घेऊन बोलावून तर राहिलं.

तिनं कडी काढली आणि तापलेल्या जमिनीवरून अनवाणी धावत सुटली.

विहिरीच्या काठावर देवरावाच्या वहाणा नीट जोडून ठेवलेल्या होत्या. त्या वहाणा पाहून ती जेवढी भ्याली तेवढी हाकेलाही भ्याली नव्हती. वाकून पाहिलं. खाली अंधार होता, डोळे सरावेपर्यंत काही दिसेना. मग पाइपाला मिठी मारलेले दोन हात दिसले, आणि गळ्यापर्यंत पाण्यात असलेलं एक डोकं. पाइपाच्या तोंडाशी जी झडप असते, तिला ते लोक फुटबॉल म्हणत. त्यात शेवाळ अडकलं होतं, ते काढायला तो मोटार बंद करून उतरला होता. उतरताना कोणाला तरी सांगून उतरावं, असं खाणीच्या साहेबानं बजावलं होतं. पण बायकोला सांगायचं तर ती काहून विचारणार, किती वेळ विचारणार. त्यापेक्षा तो न सांगताच उतरला. गंजलेली पायरी तुटली, पाय मोडला, आणि त्याला पोहता येत नव्हतं.

त्यानं वर पाहिलं. बोलला काहीच नाही. फक्त त्याचा एक हात पाइपावरून घसरला आणि त्यानं तो पुन्हा धरला.

प्रेमिला दरडीच्या टोकावर गेली आणि रेतीकडं तोंड करून तिनं हाक मारली, "रुखमाबाई वं!" इंदोऱ्याचा गळा तो, पलीकडच्या काठाला जाऊन आदळला. पण झोपड्यांमध्ये पानही हललं नाही. ते सारे आत जागे होते आणि श्वास धरून बसले होते, जशी ती स्वतः आत्ताच बसली होती. तिला ते कळलं. दुसरी हाक मारली. काही नाही. तिसरी मारताना आवाज फाटला. तेव्हा कुठं लहानूच्या झोपडीचं तट्ट्याचं दार सरकलं आणि "आलो वं बाई!" ऐकू आलं. खरं म्हणजे तोवर तिची चौथी आणि पाचवीही मारून झाली होती. ती काय तीनवर थांबणारी होती?

लहानू पाइपाला धरून खाली उतरला. चार दोरांनी बाज विहिरीत सोडली आणि देवरावाला तिच्यावर घालून वर ओढला. वर आल्यावर त्याच्या हाताची बोटं उलगडेनात, अजून पाइप धरल्यासारखीच वाकलेली. लहानू हळहळला, अजून थोडा वेळ गेला असता तर रिकामी बाज वर आली असती म्हणाला.

बंडीतून कन्हान, आणि कन्हानहून नागपूर. मोठ्या दवाखान्यात देवरावाचा पाय प्लास्टरात गेला आणि तो स्वतः खाटांच्या लांबलचक रांगेत गेला. त्याच्या दृष्टीनं विहीर बरी होती. डावीकडचा रोगी हकिगत सांगायचा, उजवीकडचा विचारायचा, आणि भेटीच्या वेळी इंदोऱ्याची अर्धी गल्ली खाटेभोवती. देवराव चादर डोक्यावर ओढून पडायचा. प्रेमिला मात्र तिथं अशी वावरायची, जणू माहेरी बाळंतपणाला आली आहे. कोणत्या खाटेवरच्याला काय झालं, हे डॉक्टरांआधी तिला कळायचं.

एका दुपारी आजूबाजूचे झोपले असताना देवरावानं चादर खाली केली.

"कडी लावल्याचा आवाज आला मले," तो म्हणाला.

प्रेमिला पेल्यात पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. ओशाळून, हळू आवाजात ती म्हणाली, "मले वाटलं, दुसरंच कोनी हाये. तुमी का कधी नाव घेता माहं?"

"जीव जाऊन राहिला होता. तेव्हा आलं तोंडात." मग म्हणाला, "पेटीतलं गाठोडं पाह्यलं होतं मी. कडी वाजली तं म्हटलं, झालं. हिनं ठरवलं. मंग काहून पुन्हा हाक मारा?"

प्रेमिला खाटेच्या कडेवर बसली. विहिरीतल्या त्या माणसानं वर खण्णकन वाजलेली कडी ऐकली होती, आणि ती आपल्यासाठीच लागली असं समजून तो गप्प राहिला होता. हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि दवाखान्याच्या त्या गर्दीत, भर दिवसा, तिला पुन्हा थंडी वाजली.

"अन् मेले असते म्हंजे?"

"भेव लागलं," देवराव म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडी नवा होता, जपून उच्चारला. "पान्याचं नाही. कोनीच येनार नाही, याचं."

प्रेमिलेनं पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "आता तीनदा हाक मारत जा. अन् नावानं मारू नोका. अजून अंगावर काटा येते."

इंदोऱ्याच्या बायांना वाटलं होतं, आता काही हा माणूस पोरीला पुन्हा रानात नेत नाही. पण पाय जुळल्यावर दोघं परत नदीवर गेले. ठरलं ते असं, की पाऊसपाणी संपून पुन्हा डांगरवाडी बसेपर्यंतचे महिने प्रेमिलेनं वाटेल तेव्हा इंदोऱ्याला जावं, ओट्यावर बसून पोटभर बिड्या बांधाव्यात आणि पोट भरलं की यावं. ती गेली की देवराव खंड्याकडं पाहून हसायचा, आणि ती आली की त्याहून थोडं कमी हसायचा. पण हसायचा.

घरी परतल्या दिवशीच त्यानं पेचकस घेऊन क्वार्टरच्या दाराची कडी काढून टाकली, आतली आणि बाहेरचीही. त्यामुळं झालं असं की पुढच्या उन्हाळ्यात रुखमाबाई आणि तिची माणसं हाक न मारता सरळ आत यायला लागली. टरबूज घेऊन, पोरंबाळं घेऊन, नव्या गोष्टी घेऊन. देवरावाला पहिला आवाज कानावर पडला की तो वहाणा घालून पंपघराकडं निघायचा आणि तिथं जाऊन आतून कडी लावायचा.

ती कडी वाजली की इकडं प्रेमिलेचा हात थांबायचा. समोर बाया बसलेल्या असोत, गोष्ट ऐन रंगात असो, ती उठून दारात यायची आणि पंपघराकडं तोंड करून हाक मारायची, "अजी!" मग पुन्हा, मग पुन्हा. रुखमाबाई हसायची, "नवऱ्याले भूत समजते का वं?" प्रेमिला हसायची नाही. तिकडून ओ आल्याशिवाय ती पिठाला हात लावायची नाही.

ओ एकदाच यायची.